सीलबंद डब्यातले जळके ऑइल

मोटारसायकलचे इंजिन ऑइल घरच्या घरी बदलणाऱ्यांनी पुढची खरेदी करण्यापूर्वी हा अनुभव वाचावा. मला जे ऑइल विकले गेले त्याच्या डब्यावर नामांकित कंपनीचे नाव, छापील किंमत, बॅच क्रमांक आणि क्यूआर कोड होता, झाकणाखाली चकचकीत सीलही होते, आणि तरीही आतला माल त्या कंपनीचा नव्हता.

माझी गाडी १२५ सीसीची, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची आहे. तिच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० ग्रेडचे (म्हणजे दाटपणाच्या प्रतीचे) आणि जासो एमए दर्जाचे, म्हणजे क्लच घसरू न देणाऱ्या मोटारसायकल ऑइलच्या जपानी मानकाचे, ऑइल सांगितलेले आहे. हा जासो दर्जा महत्त्वाचा असतो, कारण मोटारसायकलमध्ये एकच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना पुरवले जाते आणि क्लचच्या प्लेटा त्याच ऑइलात बुडून फिरतात. स्पेअर पार्टच्या दुकानदारांनी चारशेच्या आसपास छापील किंमत असलेला डबा दोनशे साठला देऊ केला. कंपनीची स्कीम चालू आहे आणि माल थेट डेपोतून आलेला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मी पक्के बिल मागितले तेव्हा, ‘बिल हवे असेल तर अठरा टक्के वेगळे पडतील, साहेब,’ असे सांगून त्यांनी कोऱ्या कागदावर रक्कम लिहून दिली. वास्तविक छापील किंमतीत सर्व कर धरलेले असतात. बिलासाठी वेगळे पैसे मागणारा दुकानदार केवळ कर वाचवत असतो असे नाही. तो माल त्याच्याच दुकानातून गेला, याची खूणही तो मागे ठेवत नसतो.

ऑइल भरल्यावर सुरुवातीला काहीही जाणवले नाही, उलट गार इंजिनाचा आवाज नेहमीपेक्षा मऊ वाटला. फरक कळला तो चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना. इंजिन तापल्यावर टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा, खडखडाट सुरू झाला आणि पुढे क्लच घसरू लागला. थ्रॉटल पिळले की इंजिन ओरडायचे, पण गाडीचा वेग वाढत नसे. घरी येऊन ड्रेन नट उघडला तेव्हा ऑइल पाण्यासारखे खाली आले. ते काळे झाले होते, पण त्याला मी दोष देत नाही, कारण चांगल्या ऑइलमधील डिटर्जंट काजळी स्वतःत धरून ठेवतात आणि त्यामुळे तेही काळे पडते. खटकणारी गोष्ट वेगळीच होती: हजार किलोमीटरही झालेले नसताना स्ट्रेनरच्या जाळीवर चिकट गाळाचा थर बसला होता.

मेकॅनिकनी इंजिनाचे हेड (वरचा भाग) उघडले तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या उंचवट्यावर ओरखडे आणि त्यावर टेकणाऱ्या रॉकरवर खड्डे दिसले. हे सर्व एवढ्याच ऑइलमुळे झाले असे शपथेवर सांगता येणार नाही, असे ते म्हणाले, आणि मला त्यांचे हे सावध बोलणे आवडले. मात्र क्लचच्या प्लेटा धुऊन, पक्क्या बिलाचे ऑइल भरल्यावर घसरणे पूर्ण थांबले, ही वस्तुस्थिती आहे.

हा धंदा चालतो कसा, हे समजून घेतल्याशिवाय सावध राहता येत नाही. गॅरेजमधून गोळा केलेले जळके ऑइल गाळून, आम्ल आणि मातीची प्रक्रिया करून त्याचा काळेपणा काढतात, त्यात रंग घालतात आणि भंगारातून आलेल्या अस्सल रिकाम्या डब्यांत ते भरून वर नवे सील लावतात. अशा मालात झीज रोखणारी जस्ताची संयुगे आणि तापल्यावरही दाटपणा टिकवणारी द्रव्ये पुरेशी असतील याची कसलीही खात्री नसते. १०डब्ल्यू-३० मधील तीसचा अर्थ असा की १०० अंश सेल्सिअसला त्या ऑइलची प्रयोगशाळेत मोजलेली श्यानता, म्हणजे दाटपणा, ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (श्यानतेचे एकक) यांच्या दरम्यान असली पाहिजे; ती डोळ्यांनी कळत नाही. म्हणूनच दोन बोटांत चोळून, वास घेऊन किंवा उन्हात धरून ऑइलची पारख करण्याचे जे सल्ले सर्रास दिले जातात ते निरुपयोगी आहेत. गार असताना हे बनावट ऑइलही दाटच लागते.

पारख करायची ती डब्याची. मी त्याच दुकानातून दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेले डबे शेजारी ठेवले, तर दोन्हींवर बॅच क्रमांक आणि उत्पादनाचा महिना एकच होता. सील ओढल्यावर अखंड निघाले आणि डब्याच्या कडेवर जुन्या, आधी फाडलेल्या सीलचे चांदीसारखे तुकडे चिकटलेले आढळले. क्यूआर कोड स्कॅन केला तर कंपनीच्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ उघडत होते, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण तो पत्ता कोणालाही छापता येतो. शिवाय डबा मुळात अस्सलच असल्यामुळे रंग, आकार आणि लेबल तपासून उपयोग नसतो. तपासावी ती झाकणाची तुटणारी कडी, सीलखालची कड आणि बॅचची छपाई.

दुकानदारांनी आधी हात वर केले. मी यूपीआयने पैसे दिल्याची नोंद दाखवली तेव्हा ते नरमले, पण ऑइलची किंमत परत देण्यापलीकडे जायला तयार झाले नाहीत. दुरुस्तीला साडेसहा हजार लागले होते. डब्यावर छापलेल्या ग्राहकसेवा क्रमांकावर कळवल्यानंतर कंपनीचे प्रतिनिधी येऊन गेले आणि बॅचची छपाई आपली नसल्याचे त्यांनी लेखी दिले. तो कागद, यूपीआयची नोंद, दोन्ही डबे आणि काचेच्या बाटलीत राखून ठेवलेला नमुना यांच्या आधारे मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. खरेदीसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असलेल्या प्रकरणांना तेथे शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. काही तक्रारी तेथेच मिटतात.

शेतकऱ्यांनी टू-टी ऑइलच्या, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या ऑइलच्या, बाबतीत अधिक सांभाळावे. गवत कापण्याच्या यंत्रातील किंवा फवारणी पंपातील टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइलचा वेगळा साठा नसतो, पेट्रोलात मिसळलेले ऑइल हेच त्याचे सर्व वंगण असते. माझ्या शेजाऱ्यांच्या कटरमध्ये सुटे टू-टी पडले आणि ऐन हंगामात पिस्टन जाम झाला.

आता मी रिकामा डबा आडवा कापल्याशिवाय आणि लेबल फाडल्याशिवाय भंगारवाल्याकडे देत नाही. जळक्या ऑइलचाही २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात समावेश होतो, म्हणून ते मी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन देतो. गल्लीतल्या गॅरेजबाहेरच्या ज्या पिंपात ते पूर्वी जात असे, ते पिंप कोण उचलून नेतो हे गॅरेजवाल्यांनाही सांगता आले नाही.