ईश्वर अनुमानाने सिद्ध होतो का? उदयन, कुमारिल आणि रामानुज

देव आहे हे तर्काने सिद्ध करता येतं का, याबद्दल स्वतःचं मत बनवायचं असेल तर आधी आपल्याकडचा जुना वाद वाचावा, असं मला मनापासून वाटतं. त्यातल्या बाजू अपेक्षेप्रमाणे पडत नाहीत. वेदांचे कट्टर अभिमानी कुमारिलभट्ट जगाचा कर्ता नाकारतात, आणि नारायणाचे परमभक्त रामानुजाचार्य ईश्वराविषयीचं अनुमानच, म्हणजे दिसणाऱ्या गोष्टीवरून न दिसणाऱ्या गोष्टीपर्यंत नेणारा तर्कच, फेटाळतात.

'सिद्ध होतो' ही बाजू मिथिलेच्या उदयनाचार्यांनी जितक्या ताकदीने लढवली तितकी क्वचितच कुणी लढवली असेल. 'न्यायकुसुमांजली'च्या पाचव्या स्तबकात (प्रकरणात) कार्य, आयोजन (परमाणूंची जुळणी), धृती (जग धरून ठेवणं) असे हेतू, म्हणजे अनुमानाचे आधार, ते एकामागून एक मांडतात. पहिला प्रसिद्ध आहे: जे जे कार्य त्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार; पृथ्वी, अंकुर हीही कार्यं, म्हणून त्यांनाही कर्ता आहे. रानात आपोआप उगवणाऱ्या गवताचा कर्ता कुठे दिसतो, असं प्रतिपक्षी विचारतात. नैयायिकांचं, म्हणजे उदयन ज्या न्यायदर्शनाचे त्याच्या पंडितांचं, उत्तर चोख आहे: गवत 'पक्षा'तच, म्हणजे ज्यांना कर्ता आहे हे सिद्ध करायचंय त्या गोष्टींतच, मोडतं, आणि ज्याच्याबद्दल वाद चालू आहे तेच प्रतिउदाहरण म्हणून पुढे करता येत नाही. मला 'आयोजन' अधिक खोल वाटतं. प्रलयानंतर सुटे पडलेले अचेतन परमाणू पुन्हा जुळायला पहिली हालचाल कुणी दिली? मात्र त्यासाठी परमाणुवाद आणि प्रलय दोन्ही आधी मान्य करावे लागतात.

कुमारिल तीन-एकशे वर्षं आधीचे, पण 'श्लोकवार्तिका'तले त्यांचे प्रश्न उदयनांनंतरही उरतात. कर्ता कुंभारासारखा म्हणाल, तर तो कुंभारासारखाच देहधारी आणि नश्वर निघेल. करुणेने जग निर्माण केलं म्हणाल, तर सृष्टीआधी करुणा करावी असं होतं कोण? आणि करुणाच होती तर नुसतं सुखाचं जग का नाही केलं? जीवांच्या धर्माधर्मावर (पुण्य-पापावर) बोट ठेवलं, तर त्यावर अवलंबून राहणाऱ्याचं स्वातंत्र्य गेलं. दुःखाचा प्रश्न ज्याला छळतो, त्याने इथून सुरुवात करावी.

'शास्त्रयोनित्वात्' (ब्रह्म शास्त्रातून कळतं म्हणून) या ब्रह्मसूत्रावरच्या आपल्या श्रीभाष्यात रामानुज विचारतात: सगळं जग एकाच वेळी, एकाच कर्त्याने केलं हे अनुमानाने कुठे ठरलं? वेगवेगळ्या काळी वेगवेगळे कर्ते का नसावेत? एकच कर्ता मानण्यात लाघव, म्हणजे कमीत कमी गोष्टी गृहीत धरण्याची काटकसर, आहे, असं नैयायिक म्हणतील. पण लाघवामुळे एखादं मत सोयीचं ठरतं, तेवढ्याने ते खरं ठरत नाही. इथे माझा कौल रामानुजांकडे आहे. अनुमान फार तर कुणीतरी बुद्धिमान कर्ता आहे इथवर नेतं. ज्याची प्रार्थना करायची तो सर्वज्ञ, दयाळू ईश्वर त्यांच्या मते शास्त्रातूनच कळतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीतलं 'वेदप्रतिपाद्या' हे संबोधनही याच अंगाने जाणारं आहे.

किंमत मात्र मोठी आहे. वेद प्रमाण न मानणाऱ्याशी रामानुजांचा भक्त पुढे बोलूच शकत नाही, उदयनांचा बोलू शकतो. त्यामुळे संशयी मित्राशी वाद घालायचा असेल तर उदयन, आणि स्वतःच्या उपासनेचा पाया तपासायचा असेल तर रामानुज. निवडीआधी हेही लक्षात घ्यावं, की उदयन ग्रंथाच्या आरंभीच आपल्या न्यायचर्चेला मनन म्हणतात. श्रवणानंतर, म्हणजे शास्त्र ऐकल्यानंतर, येणारी उपासनाच ती. म्हणजे त्यांचा तर्कही श्रद्धेला पर्याय म्हणून आलेला नाही.