कबरीचा दगड: चार तारे, आणि एक शब्द सिमेंटमध्ये

आमच्या ह्यांच्या कबरीचा दगड कुठून करून घेतला, हे मंडळीतल्या तिघी-चौघींनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. दुकान नगरला, केडगावच्या पुढे पुणे रस्त्यालाच आहे. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, आमच्या तोंडात नगरच.) दुकानाचं नाव मात्र लिहीत नाही. माणूस वाईट नाही, चूक केली आणि निस्तरलीही. ज्यांना दगड करायचाय त्यांनी मला चर्चनंतर गाठा, सांगते.

आधी दगडाचं. मला पांढरा संगमरवर हवा होता. दुकानदार म्हणाला, "काकू, उघड्यावर राहणार ना? दोन पावसाळ्यांत पिवळा पडेल, आणि अक्षरात शेवाळ धरेल." स्वतःचा महाग माल विकायचा सोडून तो असं सांगतोय म्हटल्यावर मी ऐकलं. काळा ग्रॅनाइट घेतला, दोन फूट रुंद, तीन फूट उंच. खाली चौथऱ्याला शहाबादी. फोटो कोरायचा वेगळा दर आहे, तो मी घेतला नाही. ह्यांचा एकही फोटो असा नाही की ज्यात डोळे उघडे आहेत.

अक्षरं दोन प्रकारची. मशीनची स्वस्त असतात: रबरी स्टिकर चिकटवतात आणि वाळूचा फवारा मारतात. छिन्नीची महाग, तीस रुपये अक्षर. मी छिन्नीची घेतली, कारण ती खोल जातात आणि रंग उडाला तरी बोटाने वाचता येतात. जोडाक्षर एकच धरतात, हे मी आधीच विचारून घेतलं. 'ख्रिस्तवासी'मधला 'ख्रि' कुणी दोन अक्षरं धरला असता तर मी तिथूनच परत फिरले असते.

पहिलं प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं त्यात ह्यांच्या नावामागे 'कै.' होतं. मुलाने कळवलं की आमचे बाबा कैलासाला गेलेले नाहीत, ख्रिस्तवासी लिहा. दुसऱ्या प्रूफात ते झालं, पण क्रूसावर येशूची आकृती आली. आम्ही प्रोटेस्टंट, आमचा क्रूस रिकामा असतो. प्रभू तिथे राहिलेला नाही, एवढंच त्यात सांगायचं असतं. कॉम्प्युटरवरच्या पोराने तेही लगेच बदललं. "आकृती काढली तर पैसे कमी नाही होणार," एवढं मात्र बजावलं.

मग दगडावर बायबलातलं कोणतं वचन कोरायचं हा प्रश्न आला, आणि घरात दोन आठवडे तोच विषय.

दिरांचं म्हणणं होतं, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" घ्या. सुंदर वचन आहे, माझ्या सासऱ्यांच्या दगडावर तेच आहे. पण तिथे 'पुर्नरुत्थान' कोरलंय. हसू नका, आपल्या कबरस्थानात एक चक्कर मारा, रफार भलतीकडे बसलेले किती दगड सापडतात ते बघा. एवढा मोठा शब्द आहे, दगडात बसतो, तोंडात बसत नाही. आमच्या आई तर कधी म्हणाल्याच नाहीत पुनरुत्थान. त्या म्हणायच्या, "प्रभू उठला." सकाळी दूधवाल्याची घंटी ऐकून आपण उठतो तोच शब्द.

मुलीला "अरे मरणा, तुझा विजय कोठे?" पाहिजे होतं. तेही चांगलं आहे. पण मी बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. मरणाला असं तोंडावर टोमणे मारायची माझी हिंमत नाही, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. शिवाय त्या वचनाची पुढची ओळही घेतली तर तेवीस अक्षरं.

मी मुलीच्या वचनाच्याच अध्यायाच्या शेवटाला गेले. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 15. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल सगळा अध्यायभर पुनरुत्थानावर बोलतो: साक्षीदार कोण कोण होते, दाणा पेरल्यावर काय होतं, शेवटचा कर्णा कसा वाजेल. वाटतं, आता स्वर्गात नेऊन सोडणार. आणि 58व्या वचनात हा माणूस काय म्हणतो? तर स्थिर राहा, काम करत राहा, "प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत." एवढ्या मोठ्या कर्ण्यानंतर थेट कामावर हजर! मला ते फार आवडलं. मोजून चौदा अक्षरं, चारशे वीस रुपये.

दीर नाराज झाले. "वहिनी, ते वचन प्रभूच्या सेवेबद्दल आहे. पाळक, मिशनरी, सुवार्तिक. दादा एसटीच्या वर्कशॉपला होता."

हो, होते. तेहतीस वर्षं. ब्रेकचं काम करायचे. इथून कल्याणला जाणारी गाडी माळशेज घाट उतरते, तेव्हा आतली चाळीस-पन्नास माणसं डुलक्या घेत असतात ती कुणाच्या भरवशावर? ह्यांच्या हाताचं काळं साबणाने, डिझेलने, लिंबाने, कशानेही निघायचं नाही. पवित्र भोजनाची भाकर घेताना ते हात जरा मागेच ठेवायचे.

मी भाऊजींना म्हटलं, प्रभू कबरेतून उठला तर हाताच्या खिळ्यांच्या खुणा घेऊन उठला ना? शंका घेणाऱ्या थोमा शिष्याला दाखवल्या त्याच. नवेकोरे हात मिळू शकत होते त्याला. आणि उठून पहिल्यांदा दिसला तेव्हा मग्दालिया मरीयेला वाटलं, हा बागेचा माळी असेल. पुढे तिबिर्याच्या समुद्रावर ह्याने काय केलं? विस्तव पेटवला, मासे भाजले, आणि रात्रभर जाळं ओढून दमलेल्या माणसांना न्याहारीला बोलावलं. मरणावर जय मिळवलेला देव चुलीपाशी बसला होता, आणि तुम्ही मला सांगताय की ब्रेक लायनर हे प्रभूचं काम नव्हे?

भाऊजी म्हणाले, "बरं बाई." वाद मी जिंकले असं नाही, त्यांना चहा हवा होता. पैसे वाचवायला मी छोटं वचन निवडलं, असं त्यांना अजूनही वाटतं. थोडं खरंही आहे.

आता मुख्य तक्रार. शुक्रवारी, 11 एप्रिलला, म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) दोन दिवस आधी, दगड बसवायला दोन कामगार आले. आधी ते पायथ्याशीच बसवायला निघाले होते. आपल्याकडे पाय पूर्वेला असतात, उठताना तोंड उगवतीकडे हवं म्हणून, आणि दगड डोक्याशी. हे त्या पोरांना कसं ठाऊक असणार? कबरस्थानाच्या राखणदाराने वेळेवर ओरडून थांबवलं. मी ह्या गडबडीत होते, दगडाकडे नीट पाहिलं नाही. ते गेल्यावर पाणी मारून फडक्याने पुसलं आणि वाचलं.

"प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ"

बस. पुढे चौथरा.

झालं होतं असं की ओळ दोन फुटांत मावली नाही, आणि 'नाहीत' खालच्या ओळीवर गेलं. प्रूफात ते तसंच होतं, मी बघून 'ओके' पाठवलं होतं. ती माझी चूक. दगडाचा खालचा सहा इंच भाग सिमेंटमध्ये जाणार, हे मला कुणी सांगितलं नाही. ती त्यांची. दुकानात तर सगळ्या अक्षरांचे पैसे घेतलेले, आणि त्यातली तीन गाडून टाकली.

फोन केला तर दुकानदार स्वतः बोलला, टाळाटाळ केली नाही. पण म्हणाला, कामगार जत्रेला गावी गेलेत, सिमेंटही आता पक्कं झालंय, घाईने काढलं तर दगडाचा कोपरा उडेल. दोन आठवडे द्या. म्हणजे ईस्टर त्या 'व्यर्थ'सोबत काढायचा.

हे दोन आठवडे मला विसरता येत नाहीत. मी रोज संध्याकाळी जात होते आणि रोज तेच वाचत होते. घरी येऊन तो अध्याय पुन्हा उघडला, तर 14व्या वचनात तोच शब्द. पौल म्हणतो, ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमचं सांगणं व्यर्थ, तुमचा विश्वासही व्यर्थ. आडपडदा नाही. म्हणजे माझ्या दगडावर जे लिहिलं होतं ते निव्वळ चुकीचं नव्हतं. एका गोष्टीवर अडलेलं होतं. ती गोष्ट झाली नसेल तर तेहतीस वर्षांचे ब्रेक, माझ्या रात्रपाळ्या, लेकीची फी भरायला मोडलेल्या पाटल्या, सगळं त्या ओळीत बरोबर बसतं. दवाखान्यात मी कित्येकांचे डोळे मिटले, आणि तसं मला पहाटे तीनला वाटलेलंही आहे. पाळकसाहेबांना सांगितलं नव्हतं, इथे लिहितेय.

ईस्टर 20 एप्रिलला होता. अंधार असतानाच मंडळी कबरस्थानात जमली. मी निघताना ओट्याखालून झुरळांचा खडू उचलला, घरात दुसरा कुठला खडू नव्हता. मेणबत्त्या लावायच्या आधी गुडघे टेकले आणि चौथऱ्याच्या सिमेंटवर मोठ्या अक्षरात लिहिलं: नाहीत. हात थरथरत होता, 'ही'ची वेलांटी पार शहाबादीवर गेली. पाळकसाहेबांनी हाक दिली, "ख्रिस्त उठला आहे!" आम्ही सगळे म्हणालो, "खरोखर उठला आहे!" बाजूच्या कबरीवर आलेल्या बाईंनी दगड वाचला, खडू वाचला, आणि मला विचारलं, "डिझाइनच असं आहे का हो?"

तिथून घरी आले आणि पहिल्यांदाच, ह्यांच्यानंतर, पूर्ण स्वयंपाक केला. पाच महिने मी भात-वरणावर काढले होते. त्या दिवशी मटण केलं, दिरांना आणि पोरांना जेवायला बोलावलं, आणि संध्याकाळी ह्यांच्या हत्यारांची पेटी उघडून पान्यांना तेल लावलं. नातू आता सायकलचे ब्रेक स्वतः आवळतो. चुकीचे आवळतो, पण आवळतो.

कामगार 29 तारखेला आले. सिमेंट फोडलं, दगड उचलून घेतला, पुन्हा बसवला, जास्तीचा पैसा मागितला नाही. खडू त्यांनी कधीच पुसला. 'नाहीत'च्या अक्षरांत सिमेंटचे कण अडकले होते, ते सुईने काढून पांढरा रंग नव्याने भरला, त्यामुळे तो एक शब्द बाकीच्या ओळीपेक्षा ठळक दिसतो. मी तसाच राहू दिला.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: सोनेरी रंग घेऊ नका, लवकर उडतो. प्रूफ मोबाइलवर बघू नका, कागदावर मागा आणि मोठ्याने वाचा. खालचा सहा इंच भाग कोरा ठेवायला सांगा. बसवताना पाय कुणीकडे, डोकं कुणीकडे, हे स्वतः उभं राहून दाखवा. वाहतूक आणि फिटिंग धरून मला साडेअठरा हजार पडले. छिन्नीचं काम खरोखर सुबक आहे, तीन वर्षं बोहरी म्हाताऱ्याकडे शिकला म्हणे तो कारागीर. एक तारा सिमेंटसाठी कापला.

पैसे देताना दुकानदाराने संकोचत विचारलं होतं, "काकू, उजवीकडे जागा सोडू का?" सोडायला सांगितली. अक्षरांना त्या वेळचा भाव लागेल म्हणाला. मी पावतीवर तीस रुपयेच लिहून घेतलेत, खाली त्याची सही आहे, पावती लेकीकडे दिली आहे.