रात्रीच्या तासाभरासाठी: मला मनापासून आवडलेले इंडी गेम

माझ्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. जेवणं, भांडी, सकाळच्या डब्याची तयारी असं सगळं आवरलं की रात्री तास-सव्वा तास माझा असतो. सांगलीतल्या एका सीएंच्या ऑफिसात मी जीएसटीचं काम बघते, त्यामुळे महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास तोही मिळत नाही. या वेळात आणि या मशीनवर चालणारे गेम शोधत मी इंडी गेम्सकडे आले आणि तिथेच रमले. इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या हुकुमाशिवाय एकट्याने किंवा मोजक्या माणसांनी बनवलेले गेम. ऑफिसातल्या मुली, भाचा, आमच्या जाऊबाई असे बरेच जण मला ‘काय खेळू?’ म्हणून विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

विचारणारे दोन प्रकारचे असतात. एकांना डोकं शांत करायचं असतं, त्यांना हाणामारी नको असते. दुसऱ्यांना रोल-प्लेइंग हवं असतं, म्हणजे एखादं पात्र होऊन कथेत शिरायचं असतं. हे दोन गट एकमेकांपासून लांब असतात असं धरलं जातं, मला मात्र ते शेजारी-शेजारी वाटतात. दोघांनाही असं जग हवं असतं जिथे आपण घेतलेल्या बारीकशा निर्णयाची कुणीतरी दखल घेतं. खालचे गेम मी याच कसोटीवर निवडले आहेत.

ज्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही त्यांनी ‘अनपॅकिंग’पासून सुरुवात करावी. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या विच बीम या छोट्या स्टुडिओने तो २०२१ मध्ये आणला. खोकी उघडायची, सामान काढायचं, घरात लावायचं, एवढाच खेळ. १९९७ मध्ये एका मुलीची खोली लावण्यापासून सुरुवात होते आणि २०१८ पर्यंत तिची आठ घरं आपण लावतो. ती मुलगी कधी दिसत नाही. वाचायला जवळपास काही नाही, माउस पुरतो, वेळेचं बंधन नाही. एखादी वस्तू भलत्या जागी ठेवली तर तिच्याभोवती लाल रेघ येते, बाकी सगळं आपल्या मर्जीवर.

आमच्या जाऊबाईंनी नवऱ्याच्या बदल्यांपायी पाच गावांत संसार लावलाय. त्यांना मी हा गेम लावून दिला. २०१० मधल्या घरात ही मुलगी प्रियकराच्या फ्लॅटमध्ये राहायला जाते. सगळ्या भिंती, सगळी कपाटं त्याच्या वस्तूंनी भरलेली. तिच्या पदवीची फ्रेम कुठेच लागत नाही, जिथे ठेवू तिथे लाल रेघ. शेवटी ती जाते पलंगाखाली. जाऊबाईंनी फ्रेम पलंगाखाली सरकवली, हात माउसवरून काढला आणि म्हणाल्या, ‘‘हे काही टिकत नाही बघ.’’ एक शब्द न बोलता गेमने त्यांना एवढं सांगितलं होतं. या गेमला २०२२ मध्ये बाफ्ता या ब्रिटिश संस्थेचं कथनासाठीचं पारितोषिक मिळालं, ते मला अगदी योग्य वाटतं.

‘ए शॉर्ट हाइक’ त्याहून लहान. क्लेअर नावाची एक पक्षीण मावशीकडे सुट्टीला आलीय, महत्त्वाच्या फोनची वाट बघतेय आणि रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर आहे. म्हणून चढायचं. सोन्याची पिसं गोळा केली की जास्त उंच चढता येतं, आणि वरून पंख पसरून तरंगत खाली येता येतं. त्या तरंगण्यासाठी मी हा गेम परत परत लावते. वाटेत कुणाला शिंपले हवे असतात, कुणाची हेडबँड हरवलेली असते; मदत करा किंवा सरळ माथा गाठा. फोन कशासाठी येणार आहे ते मी सांगत नाही. तो येतो तेव्हा वर कुणी सोबत नसावं, एकट्याने ऐकावा.

आता ‘स्टारड्यू व्हॅली’. यावर थोडं जास्त लिहिते, कारण शांत गेमवरून रोल-प्लेइंगकडे जाणारा रस्ता माझ्या मते इथूनच जातो.

एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन माणसाने हा गेम चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने बनवला. कोड, चित्रं, संगीत, संवाद, सगळं त्याचंच. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो आला आणि अजूनही त्यात फुकट भर पडतेय. २०२४ मधली १.६ ही आवृत्ती तर केवढी मोठी होती. कंपनीतल्या खुर्चीला कंटाळून तुम्ही आजोबांच्या पडीक शेतावर येता. हातात १५ बिया, थोडी अवजारं आणि ५०० सुवर्णमुद्रा. वर्षात चार ऋतू, प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. ऋतू सरला की त्या हंगामाचं उभं पीक वाळतं, त्यामुळे चार दिवसांत येणारं काय लावायचं आणि तेरा दिवस घेणारं काय, हा हिशेब सतत चालू. मला हिशेबाची आवड आहे, पण नसली तरी अडत नाही.

गेममधला एक दिवस साधारण १४ मिनिटांत संपतो आणि झोपलं की सेव्ह होतं. म्हणजे माझ्या तासाभरात चार दिवस होतात. रात्री अकराला लॅपटॉप बंद करायचा असेल तर हे फार सोयीचं. (भाच्याचे मोबाइलवरचे लढाईचे गेम मध्येच सोडता येत नाहीत, आणि त्यावरून घरात रोज वाद होतो.)

लोक या गेमला शेतीचा गेम म्हणतात. मला त्यातलं गाव जास्त धरून ठेवतं. पेलिकन टाउनमध्ये प्रत्येकाचा दिनक्रम आहे, आवडीनिवडी आहेत, आणि आठवड्यातून दोनदा भेटवस्तू देऊन, बोलून ओळख वाढवायची असते. जॉर्ज नावाचे चाकाच्या खुर्चीतले आजोबा आहेत. एकदा ते पत्रपेटीपर्यंत हात पोचवायला धडपडत असतात. पेनी ही शिकवणारी मुलगी मागून येते आणि मदत म्हणून त्यांची खुर्ची बाजूला घेते. आजोबा भडकतात, मला न विचारता हलवलंस कशाला म्हणून. आणि मग गेम तुमच्याकडे वळून विचारतो, तुमचं काय म्हणणं आहे? माझे सासरे शेवटची काही वर्षं व्हीलचेअरवर होते. त्या प्रश्नावर मी बराच वेळ बटण दाबलं नव्हतं. शेतात भोपळे लावायच्या गेमने मला तो प्रश्न विचारावा, हे मी कधी विसरणार नाही.

तक्रारीही आहेत. पहिल्या वसंतात पैसे कमी, अंगात ताकद कमी, पाण्याची झारी सारखी रिकामी. तिथेच बरेच जण सोडतात. मासेमारी नवख्यांना फार छळते. गावातल्या विली या कोळ्याच्या दुकानात २५ मुद्रांना मिळणारी शिकाऊ गळकाठी घ्या, ती बरीच सोपी आहे. आणि पहिलं वर्ष इंटरनेटवर काहीही न बघता खेळा. सगळ्यात फायद्याचं पीक कोणतं हे आधीच पाहून ठेवलं की त्या गावात ऑफिस सुरू होतं.

जॉर्ज आजोबांच्या प्रसंगात तुम्हाला गंमत वाटली असेल, तर तुम्ही रोल-प्लेइंगचे खेळाडू आहात असं समजा. पुढचा गेम ‘अंडरटेल’ घ्या. टोबी फॉक्सने तो २०१५ मध्ये आणला, चित्रांत टेमी चँगची मोठी मदत होती. एक मूल डोंगरातून खाली पडतं आणि राक्षसांच्या जगात पोचतं. दिसायला अगदी साधा, जुन्या व्हिडिओ गेमसारखा; पहिल्या दहा मिनिटांत ‘एवढंच?’ असं वाटू शकतं. पण समोर राक्षस आला की लढण्याच्या पर्यायाशेजारीच त्याच्याशी काही करून बघण्याचा पर्याय असतो: थट्टा करा, कौतुक करा, कुत्र्याला थोपटा. आणि शेवटी दया दाखवा, तो निघून जातो. संपूर्ण गेम कुणालाही न मारता पार करता येतो.

सुरुवातीलाच टोरिएल भेटते. ती हात धरून चालवते, ‘पाय’ (pie) हा गोड पदार्थ बनवते, राहायला खोली देते, आणि बाहेर जाऊ म्हटलं की दारात उभी राहते. आता काय करायचं? तुम्ही तिला सोडून देत राहता, ती काही बोलत नाही, आग फेकत राहते. पण नीट बघा, तुमची प्रकृती खालावली की तिची आग तुम्हाला चुकवून जायला लागते. संवादात हे कुठे सांगितलेलं नाही, ते हल्ल्याच्या रचनेत आहे. त्याच भागात मिठाईचं एक भांडं आहे, ‘एकच घ्या’ असं लिहिलेलं. जास्त घेऊन बघितलंत तर काय होतं ते तुमचं तुम्हीच पाहा. आणि एखादी गोष्ट बिघडली म्हणून जुनं सेव्ह उघडलंत तरी तुम्ही आधी काय केलंत ते या गेममधल्या एकाला आठवतं. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला होता. राक्षसांचे हल्ले चुकवण्याचा भाग मात्र काही ठिकाणी खरोखर अवघड आहे, बोटं चपळ हवीत. कीबोर्डवर जमतं, पण सराव लागतो.

माझा सगळ्यात लाडका मात्र ‘सिटिझन स्लीपर’. गॅरेथ डेमियन मार्टिन यांचा, मे २०२२ मधला. इथे चपळाईची गरज शून्य. एका माणसाच्या मनाची प्रत यंत्राच्या शरीरात घातलीय, ते शरीर एका कंपनीच्या मालकीचं आहे, आणि तुम्ही ते शरीर घेऊन पळून एका मोडकळीला आलेल्या अवकाशस्थानकावर पोचला आहात. कंपनीने शरीर मुद्दाम असं बनवलंय की तिच्या औषधाशिवाय ते झिजत जावं.

रोज सकाळी जास्तीत जास्त पाच फासे पडतात, आणि प्रत्येक फासा एका कामाला लावायचा. सहा पडलेला भंगारच्या यार्डात लावला तर पैसे पक्के. एक पडलेला तिथे लावला तर दुखापत होऊ शकते. शरीर झिजलं की फासे कमी होतात. जेवण हवं, औषध हवं, मागावर आलेल्या माणसापासून लपायला हवं, आणि दिवसाला फासे तेवढेच. रोजंदारीवर जगणाऱ्याचा दिवस कसा असतो, ते या फाशांनी जितकं स्पष्ट दाखवलंय तितकं मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेलं नाही. आमच्या ऑफिसात छोट्या दुकानदारांच्या वह्या येतात, त्यांतही हाच प्रश्न असतो: आज कुणाचे द्यायचे आणि कुणाचे थांबवायचे.

त्याच स्थानकावर लेम नावाचा एक कामगार भेटतो, त्याच्यासोबत मीना ही लहान मुलगी. तो कामावर जाताना तिला सांभाळाल का म्हणून विचारतो. त्यात कमाई नाही. चांगला पडलेला फासा औषधाच्या पैशांसाठी ठेवायचा की त्या पोरीजवळ बसण्यात घालवायचा, हा निर्णय मी प्रत्येक वेळी मनाशी भांडून घेतला आहे. इथलं इंग्रजी सावकाश वाचावं लागतं, पण वाक्यं लहान आहेत. दुसरा भाग जानेवारी २०२५ मध्ये आलाय, तरी आधी पहिलाच खेळा.

‘डिस्को एलिझियम’चं नाव घेतल्याशिवाय रोल-प्लेइंगवाले मला सोडणार नाहीत. २०१९ मधला, एस्टोनियन लेखक-कलाकारांच्या गटाने बनवलेला. स्मृती गेलेला एक पोलीस खुनाचा तपास करतो, आणि त्याच्या स्वभावाचे २४ पैलू डोक्यात आपापसांत वाद घालतात. लढाई नाही, फक्त बोलणं. शब्दसंख्या दहा लाखांच्या वर. दारू, शिव्या, राजकारण सगळं आहे, त्यामुळे मुलांसाठी नाही, आणि दमून आलेल्या रात्रीसाठीही नाही. मी तो दिवाळीच्या सुट्टीत घेते. ज्यांनी तो घडवला त्यांपैकी मुख्य लेखक रॉबर्ट कुर्विट्झ आणि चित्रांची बाजू सांभाळणारे अलेक्झांडर रोस्तोव आता तो गेम काढणाऱ्या कंपनीत नाहीत. विकत घेण्याआधी हे माहीत असावं असं मला वाटतं.

आपल्याकडच्या मातीशी नातं सांगणारे दोन. ‘वेंबा’ हा टोरोंटोच्या विसाई गेम्सचा, २०२३ चा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात गेलेलं तमिळ जोडपं, त्यांचा मुलगा, आणि आईची खराब झालेली पाककृतींची वही. पुसलेल्या ओळी ताडून पहिल्यांदा इडली करायची. दीड तासात संपतो. अजून चार पदार्थ असते तर मी आनंदाने केले असते. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी शेवटाकडे रुमाल जवळ ठेवावा.

दुसरा ‘राजी’, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. सर्कशीतली मुलगी पळवून नेलेल्या भावाला शोधते, आणि विष्णू-दुर्गा वरून तिची गोष्ट सांगतात. पहाडी शैलीतली चित्रं आणि छायाबाहुल्यांमधून सांगितलेले प्रसंग डोळ्यांचं पारणं फेडतात. हा रोल-प्लेइंग नाही, मारधाडीचा आहे. लढाया पुढे-पुढे एकसारख्या वाटतात आणि शेवट अचानक येतो. माझ्या लॅपटॉपवर तो चालला नाही, भावाच्या पीसीवर खेळले. तरीही पुण्यातल्या टीमने एवढ्या देखण्या भिंती आणि कमानी उभ्या केल्या, म्हणून तो जरूर घ्या.

विकत घेताना एक लक्षात ठेवा. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. लॅपटॉपवर चालतो की नाही हे बघायला ही सोय उत्तम आहे. ‘ए शॉर्ट हाइक’ मात्र घाई केली तर त्या दोन तासांतच पूर्ण होतो. तो अ‍ॅडम रॉबिन्सन-यू यांनी जवळपास एकट्याने बनवलाय, संगीत मार्क स्पार्लिंग यांचं. माथ्यावर पोचून आलात तर त्याचे पैसे परत मागू नका. किंमत जास्त वाटली तर डिसेंबरच्या सेलपर्यंत थांबा, मीही माझे बहुतेक गेम तेव्हाच घेते.