शॉवरचं काचेचं दार बदललं, आठ महिने वापरून लिहितोय

घर आमचं कोल्हापुरात, फुलेवाडीत. बाथरूममधलं शॉवरचं जुनं काचेचं दार गेल्या सप्टेंबरात फुटलं. नुसता तडा नाही, सकाळी साडेसहाला मोठ्ठा आवाज आणि अख्खी काच खाली. लेक दोन मिनिटांपूर्वीच आंघोळ करून बाहेर आली होती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) काच होती म्हणून धारदार तुकडे झाले नाहीत, हरभऱ्याएवढे खडे झाले, पण ते खडे पुढं आठ दिवस पायपुसण्यात, बादलीखाली, मोरीच्या जाळीत सापडत होते.

कारण नंतर कळलं. खालच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेले, त्यामुळं दार हळूहळू खाली आलं आणि कोपरा टाईलला घासायला लागला. दोन महिने कर्र कर्र वाजत होतं, आई रोज सांगत होती आणि मी रविवारी बघतो रविवारी बघतो करत राहिलो. टफन काच मधोमध बराच मार सोसते पण कडेला, कोपऱ्याला लागलं की संपलं. तिचा वरचा थर दाबाखाली असतो आणि आत ताण कोंडलेला असतो, चीर तिथंपर्यंत पोचली की सगळी काच एकदम सुटते. तुमच्या दाराचा असा आवाज येत असेल तर आजच वापर थांबवा आणि माणूस बोलवा.

नवीन दाराला पहिल्या फॅब्रिकेशनवाल्यानं वरती एकाच ठिकाणी टेप लावून माप घेतलं आणि काच बनवून आणली. भिंत ओळंब्यात (सरळ उभी) नव्हती, खाली जागा २ सूत म्हणजे पाव इंच कमी भरली. तो म्हणाला काच इथंच थोडी घासून बसवतो. नको म्हटलं, कारण टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, जे काय करायचं ते भट्टीत जायच्या आधी. वाद झाला, ॲडव्हान्स अडकला आणि पंधरा दिवस पडदा लावून आंघोळी केल्या.

दुसरा मिस्त्री उद्यमनगरातल्या ओळखीतून मिळाला. त्यानं वर, मध्ये, खाली तीन मापं घेतली, ओळंबा सोडला आणि मग बोटाच्या पेरानं एकेक टाईल वाजवत गेला. खालच्या बिजागरीच्या जागी आवाज पोकळ आला. आधीच्या माणसानं त्या पोकळ टाईलमध्येच प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू पिळलेला, तिथंच सगळं बिघडलं होतं. यानं ती टाईल काढून मागं माल भरला, दोन दिवस वाळू दिलं, मगच ड्रिल मारलं. दार २ फूट बाय ६ फूट, काच ८ एमएम, म्हणजे २२ किलोच्या आसपास वजन, ते सगळं दोन बिजागऱ्यांवर, तेव्हा पैसा काचेपेक्षा बिजागरीवर घाला असं मी म्हणेन. बिजागरी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. चुंबक लावून बघा असं दुकानात सांगतात पण २०२ या स्वस्तातल्या ग्रेडला पण चुंबक चिकटत नाही, त्यानं काही कळत नाही. काचेच्या कोपऱ्यात आयएस २५५३ चा (सेफ्टी काचेचं भारतीय मानक) शिक्का आहे का तेही बघून घ्या.

दार बाहेर उघडणारंच केलं, आईचं वय बघता आत कुणी पडलं तर दार अडायला नको.

आठ महिन्यांत दार केसभर पण खाली आलेलं नाही, सिलिकॉन बुरशी न धरणारं मारलंय, पावसाळा सुरू झाला तरी अजून काळं पडलेलं नाही. तक्रार दोन गोष्टींची. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग लई पडतात, रोज आंघोळीनंतर वायपर मारावाच लागतो, राहिलं तर पांढरं व्हिनेगर पाण्यात घालून पुसतो, पण उंबरा मार्बलचा असेल तर त्यावर सांडू देऊ नका, मार्बल खातं ते. आणि खालचं पाणी अडवायचं रबर सहाव्या महिन्यातच पिवळं पडून कडक झालं, पाणी बाहेर यायला लागलं, बदलावं लागलं. ते आणायला जाताना जुन्याचा वीतभर तुकडा कापून सोबत न्या, ८ एमएमचं आणि १० एमएमचं दिसायला सारखंच असतं, मला एक हेलपाटा जास्त पडला.