भाड्याच्या घरासाठी पाच फुटी ॲक्रिलिक टब: माल चांगला, बसवणी सांभाळा

जुना बिडाचा टब काढून तिथं 1500 × 700 मिलिमीटरचा ॲक्रिलिक टब बसवायचा, तर माल म्हणून त्याला पाचपैकी चार द्यायला हरकत नाही. दोन माणसं तो जिन्यानं सहज वर नेतात. बिडाचा मात्र शंभर किलोच्या आसपास भरतो. वळणाच्या जिन्यावरून उतरत नसेल तर गोणपाट टाकून जागीच घणानं फोडावा लागतो.

गुण कापायचा तो बसवणीत. टबाच्या पोटाखाली वाळू भरून मोकळं होणारे गवंडी कमी नाहीत. वाळू ओल धरते, खचते. मग पाय ठेवला की तळ दबतो आणि वेस्टचा, म्हणजे तळाशी पाणी जाण्याच्या भोकाचा, वॉशर सैल होतो. टबासोबत आलेली पायांची चौकट लेव्हलवर घ्या, बाकी काही नको.

वेस्ट आणि ओव्हरफ्लो (जास्तीचं पाणी जाण्याचं वरचं भोक) यांचा सेट 40 मिलिमीटरच्या पाइपला जोडला की लगेच टबापुढच्या भिंतीची वीट लावू देऊ नका. टब ओव्हरफ्लोपर्यंत भरा, एकदम सोडा आणि बॅटरी मारून खालचा प्रत्येक सांधा बघा. ओव्हरफ्लोचं रबर तिरकं बसलं असेल तर ते इथंच कळतं, एरवी खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर.

टब आणि भिंतीमधली फट बुजवणारं सिलिकॉन पाण्यानं भरलेल्या टबालाच मारायचं, आणि चोवीस तास पाणी तसंच ठेवायचं. ॲक्रिलिक ओझ्यानं किंचित वाकतं. रिकाम्या टबाला मारलेली पट्टी नंतर भिंतीपासून सुटते. वेस्टच्या बाजूला पुढच्या भिंतीत एक बाय एक फुटाची उघडती जागा हवीच. भाडेकरू बदलतात, केस अडकायचे थांबत नाहीत. वरची प्लास्टिकची फिल्म टाइल्सचं काम संपेपर्यंत राहू द्या, आणि रंगाऱ्याच्या थिनरचा बोळा टबाला लागू देऊ नका. चकाकी गेलीच म्हणून समजा.

गरम पाण्याचा हिशेब दुकानदार सांगत नाही. 25 लिटरच्या गिझरमधलं 60 अंशाचं पाणी थंडीतल्या 20 अंशाच्या पाण्यात मिसळलं, तर 40 अंशाचं जेमतेम 50 लिटर होतं. टबाला सव्वाशे तरी लागतं. 2 किलोवॅटचा गिझर पुन्हा तापायला 35 मिनिटं घेतो, तोवर पहिलं पाणी निवलेलं. आणि बेळगावात ज्या गल्लीत राकसकोप जलाशयाचं पाणी दिवसाआड येतं, तिथं घरमालकानं टब काढल्यावर नवा आणूच नये. उतार काढून शॉवर द्यावा.