गिस्कार वाचायचाय? अपुलियाचा विल्यम घ्यावा की मालातेर्रा

इंग्लंडवरची १०६६ ची नॉर्मन स्वारी बहुतेकांना ठाऊक असते. त्याच शतकात नॉर्मनांनी, म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या योद्ध्यांनी, दक्षिण इटली आणि सिसिलीही घेतली, तीही पाठीशी कुणा राजाचं सैन्य नसताना. भाड्याने लढायला आलेले स्वार तिथले धनी होऊन बसले. हे मुळातून वाचायचं तर दोन पुस्तकं पुढ्यात येतात. दोन्ही लॅटिन, दोन्ही अकराव्या शतकाच्या अगदी शेवटची, आणि दोन्ही इंग्रजीत मिळतात.

अपुलिया म्हणजे दक्षिण इटलीतला प्रांत. तिथल्या विल्यमने रॉबर्ट गिस्कारवर, म्हणजे या नॉर्मनांच्या सर्वात नावाजलेल्या सरदारावर, पाच सर्गांचं काव्य रचलं, व्हर्जिलच्या छंदात. ते अर्पण केलंय गिस्कारचा मुलगा रॉजर बोर्सा याला. म्हणजे दरबारी काव्यच. पण विल्यमची नजर बायझंटाइन साम्राज्याकडेही (राजधानी कॉन्स्टँटिनोपल) असते. दक्षिण इटलीतल्या बारी शहराच्या वेढ्याची हकीकत सांगता सांगता तो मांझिकर्टच्या लढाईत तुर्कांच्या हाती सापडलेल्या बायझंटाइन सम्राट रोमानोसची कथाही सांगतो. १०५३ च्या चिविताते लढाईत पोपच्या बाजूचे उंचपुरे जर्मन बुटक्या नॉर्मनांची टर उडवतात आणि शेवटी एकेक करून कापले जातात. तो प्रसंग तर चुकवूच नये. एका मठात शिरण्यासाठी खोटी प्रेतयात्रा काढायची, तिरडीवर तलवारी लपवायच्या आणि आत गेल्यावर 'मेलेल्याने' ताडकन उठायचं, ही गिस्कारची युक्तीही इथलीच. फक्त ग्रॅहम लाउड यांचं भाषांतर गद्यात आहे. छंदासाठी वाचणार असाल तर हिरमोड होईल.

जोफ्रे मालातेर्रा हा कातानियाच्या मठातला साधू. त्याचा नायक गिस्कारचा धाकटा भाऊ, काउंट रॉजर. चार भाग, गद्य, मधूनमधून पद्य. वाचायला हा जास्त रसाळ, असं माझं मत. रॉजर उमेदीत घोडे चोरायचा, लुटीवर जगायचा, हे मालातेर्रा सरळ लिहितो आणि वर सांगतो की काउंटनेच तसं लिहायला सांगितलं, आपण कुठून कुठे आलो ते लोकांना कळावं म्हणून! आश्रयदात्याच्या चरित्रात असलं वाक्य सहसा सापडत नाही. सिसिलीतल्या त्रोइनाच्या वेढ्यात ऐन थंडीत रॉजर आणि त्याची बायको ज्युडिथ यांच्यात मिळून एकच झगा उरतो. घोडा मारला गेल्यावर रॉजर शत्रूच्या देखत खोगीर खांद्यावर टाकून परत येतो. मालातेर्राच्या आकड्यांवर मात्र विश्वास टाकू नका. सिसिलीतल्या चेरामीच्या लढाईत १३६ नॉर्मन स्वार अफाट सैन्याला पळवून लावतात, वर पांढऱ्या घोड्यावर संत जॉर्जही हजर.

मग निवड कशी करायची? क्रुसेड किंवा कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेने इथवर आला असाल तर विल्यम घ्या. १०८१ च्या दुराझोच्या (आजच्या अल्बेनियातल्या) लढाईत गिस्कारची पत्नी सिकेल्गाइता विल्यमच्या काव्यात बाणाने जखमी होऊन घाबरते, तर बायझंटाइन राजकन्या आना कोम्नेनीच्या लेखी ती पळणाऱ्यांना भाला घेऊन मागे फिरवते. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यात मजा आहे. सिसिलीचं वेड असेल, किंवा मध्ययुगीन इतिवृत्त आयुष्यात पहिल्यांदाच उघडत असाल, तर मालातेर्रा.

माँते कासीनोचा साधू अमातुस या दोघांच्याही आधीचा. पण त्याचं मूळ लॅटिन हरवलंय, उरलंय ते चौदाव्या शतकातलं फ्रेंच भाषांतर. त्याला तूर्त रांगेत थांबू द्या.