निविदांच्या नोंदी शोधणारा एआय एजंट: कामाचा, पण दर पडताळूनच घ्या
निविदा क्रमांक हाताशी असेल तर हा एजंट फार उपयोगी. नुसतं ‘पुलाच्या कामाच्या बोली दाखव’ म्हटलं की पहिल्या पानावरचे निकाल आणून थांबतो. म्हणून क्रमांकासोबत बोली उघडल्याची तारीखही द्या आणि एकूण नोंदी किती, ते आधी विचारा. खरी अडचण स्कॅन केलेल्या दरपत्रकांची. दशांशचिन्ह पुसट असलं की १२५.५० चे १२५५० होतात! परिमाण (म्हणजे किती काम किंवा माल) गुणिले दर केल्यावर रक्कम जुळते का, हे प्रत्येक बाबीला तपासायला सांगा; चूक तिथेच सापडते. शुद्धिपत्रकात, म्हणजे निविदेत नंतर केलेल्या दुरुस्त्यांच्या पत्रकात, बदललेलं परिमाण बरेचदा सुटतं. सर्वात कमी बोली लावणाऱ्यालाच काम मिळालं असं तो परस्पर धरतो, हे मात्र खटकतं. म्हणून कार्यादेश, म्हणजे काम कोणाला दिलं ते सांगणारा आदेश, वेगळा मागवा. प्रत्येक आकड्यासोबत मूळ पीडीएफचा पान क्रमांक देतो, ही सोय मोलाची.